पोरांच्या भिंतीला पांढरा हात

भावोजी,

चाळीस वर्षं तुम्ही लोकांच्या भिंती रंगवल्या आणि स्वतःच्या घरासाठी मात्र कधी सवड काढली नाहीत. हे तोंडावर शंभरदा ऐकवलंय, आता लिहूनही ठेवते. शिडीवरून पडलात, मुलानं काम बंद करायला लावलं, आणि तेव्हापासून जाल तिथे भिंतींना नावं ठेवणं एवढाच धंदा उरला. डॉक्टर तुमची छाती तपासत होते आणि तुम्ही त्यांना छताची ओल दाखवत होतात!

त्या रविवारी आपली वरात मुलांच्या चित्रघरात निघाली ती एकाच कारणासाठी. नातीनं शाळेबरोबर जाऊन तिथल्या मोठ्या भिंतीवर चित्र काढलं होतं आणि ते तिला आबांना दाखवायचं होतं. कशाचं, ते सांगेना. तुम्ही आठवडाभर खोदून खोदून विचारलंत. पोरगी तुमच्यावर गेलेली, हट्टी.

दारातच तुमचा मुलगा आणि सून फॉर्म भरायला बसले. कपडे खराब झाले तर तक्रार करणार नाही, हे सांगायला दोन पानं! नात एप्रनच्या रांगेत. आपण दोघं पुढे गेलो. तिथल्या ताईनं तुमच्या हातात रोलर ठेवला.

"आजोबा, मनात येईल ते करा. इथे चूक असं काही नसतंच."

तुम्ही भिंतीकडे पाहिलंत. ओघळ, पोपडे, ओल्यावर ओलं.

"वहिनी, असल्या भिंतीवर रंग धरतो का कधी? आधी पांढरा हात मारायला हवा."

पांढऱ्याची बादली कोपऱ्यात होतीच. ताई दुसऱ्या पोरांच्या मागे गेली. मी तुम्हाला थांबवायला हवं होतं. पण बाकावर बसून बघत राहिले, कारण शिडीवरून पडल्यापासून पहिल्यांदाच तुमच्या हातात रोलर दिसत होता. हत्ती गेला, सूर्य गेला, आठ पायांची गाय गेली. रोलरचा एक सांधा दिसेल तर शपथ!

नात एप्रन बांधून आली.

"आबा, माझा शिडीवरचा माणूस कुठाय?"

"खालच्या कोपऱ्यातला?"

"हो. ते तुम्ही होतात."

तुम्ही रोलरकडे बघत म्हणालात, "रंग फार जाड लावला होतास गं."

ताई धावत आली. "आजोबा, हे चुकीचं केलंत!"

"मघाशी चूक नसते म्हणालीस ना?" मी म्हटलं. तिनं थेट तिथल्या साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, भिंतीचा रोज संध्याकाळी फोटो निघतो; मंगळवारी ऑफिसात या, शोधून देऊ. चिठ्ठीही लिहून दिली. तोवर ती कोरी भिंत बघून पंचवीस पोरं तिच्यावर तुटून पडली होती. आपली मात्र एप्रन सोडत होती.

गाडीत तुम्ही ती चिठ्ठी हळूच माझ्याकडे सरकवलीत. "वहिनी, मंगळवारी आपण दोघंच जाऊ. हिला आत्ता सांगू नका."

पहिल्या मंगळवारी माझा गुडघा धरला. दुसऱ्या मंगळवारी तुम्हाला दम लागला आणि मी म्हटलं, "एवढी कसली घाई? पुढच्या मंगळवारी जाऊ." त्या मंगळवारी तुम्हीच नव्हतात; चिठ्ठी अजून माझ्याकडेच आहे.