नऊ फूट चार इंच

पडदा वर जातो. रंगमंचावर एक टेबल, पाण्याचा जग, उपडा ठेवलेला पेला आणि तीन जाडजूड फायली. टेबलामागे साठीच्या घरातला एक गृहस्थ उभा आहे. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात माईक. समोर दोनशे चाळीस खुर्च्या. खुर्च्यांत चिटपाखरू नाही.

"नमस्कार," तो म्हणाला, "जनसुनावणीला सुरुवात करतो."

मी शेवटच्या रांगेत होतो. नाटकं सुटली तरी नाट्यगृह सुटलं नाही, किल्ल्या माझ्याकडेच असतात. आयुष्यात मी रिकाम्या खुर्च्या खूप पाहिल्या, पण त्यांच्यासमोर पूर्ण प्रयोग करणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. अकराला सुरू झालेला तो एकपर्यंत बोलला. कचरा डेपो हटवून तिथं कचऱ्यापासून गॅस करणारा कारखाना येणार, धूर थांबणार, हे सगळं त्यानं नकाशावर छडी ठेवून समजावलं. शेवटी विचारलं, "कुणाची काही हरकत?"

मला राहवलं नाही. "आहे! पंखा फार करकरतो."

त्यानं गंभीरपणे माझ्याकडे पाहिलं. "आपण डेपोपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत राहता?"

"नाही."

"मग नोंदवता येत नाही," तो म्हणाला आणि हसला. आमची ओळख अशी झाली.

नगरपालिकेत त्याला सगळे पाहुणे म्हणत. एकेकाळी तो पाणीपुरवठ्याचा इंजिनियर होता. गेली अकरा वर्षं लहान लहान गावांना हरित निधी मिळवून द्यायचं काम करत होता. हा निधी म्हणजे हवा, पाणी, माती सुधारणाऱ्या कामांनाच कमी व्याजानं दिलेला पैसा. "पैसा पडून आहे हो," तो मला म्हणाला, "पण अटी शंभर. लहान गावाला तो मागता येत नाही. मी मागायला शिकवतो."

"म्हणजे तुम्ही आमचे प्रॉम्प्टर!" मी म्हणालो. "विंगेत उभं राहून वाक्यं पुरवायची."

"आणि टाळ्या तुम्हाला," तो म्हणाला.

नगरपालिकेच्या विश्रामगृहामागची एक खोली त्याला दिली होती. मी एकदा गेलो. लोखंडी पलंग, दोरीवर दोन शर्ट, एक कप. एकच. मला त्यानं कपात चहा दिला, स्वतः पेल्यातून घेतला. भिंतीवर फोटो नव्हता, गावाचा नकाशा होता. तेवढ्यात मुलीचा फोन आला. "जेवलात का?" "जेवलो." "बरे आहात?" "बरा आहे." एवढं बोलून दोघांनी फोन ठेवला. बायको सहा वर्षांपूर्वी गेली होती.

"ती होती तेव्हा घरी रोज सुनावणी असायची," तो म्हणाला. "भाजी कमी का खाता, हा शर्ट का घातला, या गावात किती दिवस राहणार. आता मी काहीही केलं तरी कुणाची हरकत नाही."

मी चहा चांगला झालाय म्हणालो. झाला नव्हता.

दुसऱ्या सुनावणीलाही कुणी फिरकलं नाही. तिसरी शेवटची, आणि निधीची मुदत पंचवीस दिवसांवर. अट अशी होती की शेजारच्या वस्तीनं यावं, हरकती घ्याव्यात आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर मिळावं. हरकतीचं पान कोरं असेल तर फाईल परत. मुख्याधिकारी वैतागले होते. "पाहुणे, मतदार यादीतून चाळीस नावं उतरवा आणि विषय संपवा!"

मला त्याची दया आली. म्हणालो, "अहो, मी माणसं देतो. आमची जुनी मंडळी. चाळीस बसतील, खोकतील, मध्येच उठून आरडाओरडाही करतील. फुकट!"

"तुमची माणसं उत्तम बसतील," तो म्हणाला, "पण त्यांच्या घराला वास येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो टेबल आणि दोन खुर्च्या घेऊन डेपोजवळच्या गल्लीत नळापाशी जाऊन बसू लागला. खुर्च्या नाट्यगृहाच्याच, म्हणून मीही जाऊ लागलो. वस्तीतली माणसं लांबून बघत. एक म्हातारा रोज टोमणा मारून जाई. "लिहा, लिहा. याआधीच्या साहेबानंही लिहून घेतलं होतं. त्याची वही याच ढिगाऱ्यात सापडेल, खणून बघा!" पोरं विचारत, "काका, तुम्ही कुठल्या पार्टीचे?" डेपोतून धूर येई, पाहुणा डोळे पुसे, फायलीवरची राख झटके आणि पुन्हा पेन उघडून बसे. दुसरी खुर्ची पाच दिवस रिकामी राहिली.

सहाव्या दिवशी समोरची इस्त्रीवाली येऊन उभी राहिली. पन्नाशीची, आवाज खणखणीत.

"भाऊ, हरकत म्हणजे काय? भांडण?"

"भांडणच ताई. फक्त मी लिहून घेणार आणि उत्तर देणं मला भाग आहे."

"मग लिहा. तुमच्या कारखान्याचं गेट कुठं येणार?"

"या गल्लीच्या टोकाला."

"आणि गाड्या?"

"दिवसाला तीस."

"जाणार कुठून? माझ्या डोक्यावरून?"

"गल्ली वीस फुटी आहे, ताई."

बाई इतकी हसली की आजूबाजूच्या दारांतून माणसं बाहेर आली. "वीस! अहो, माझं टेबल मांडलं की सायकलवाला उतरून जातो. पोरं इथूनच शाळेत जातात. कुणी सांगितलं वीस?"

पाहुण्यांनी खिशातून टेप काढला. एक टोक बाईनं तिच्या उंबऱ्याशी धरलं, दुसरं त्यांनी समोरच्या भिंतीला लावलं. नऊ फूट चार इंच. त्यांनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. रंग उडालेला नटाचा चेहरा मला ओळखू येतो.

"नकाशा कुणी काढला?" मी हळूच विचारलं.

"मी," ते म्हणाले. "जुन्या नकाशावरून. कचेरीत बसून."

कचेरीत हे कळल्यावर मुख्याधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला. "हरकती मागत फिरायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण! बाईची हरकत लिहिली की गेट मागच्या बाजूला न्यावं लागणार, सगळे आराखडे नव्यानं, मुदत गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, पाहुणे. धुळीची हरकत लिहा, वासाची लिहा, ही तेवढी राहू द्या. फाईल मंजूर झाली की तुमचं कंत्राट मी स्वतः वाढवतो. राहा की इथंच. घर बघून देतो."

राहा की इथंच. अकरा वर्षांत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते नाट्यगृहात येऊन पहिल्या रांगेत बसले आणि मला विचारलं, काय करू? मी, शहाणा, म्हणालो, "प्रयोग थांबवायचा नसतो. एखादं वाक्य चुकलं तरी पुढं जायचं. प्रेक्षकांना कळत नाही."

त्यांनी रंगमंचाकडे बोट दाखवलं. "तुमचं चुकलेलं वाक्य हवेत विरून जातं," ते म्हणाले. "माझं सिमेंटात ओततात."

माझा सल्ला चुकला होता. आजही तो आठवला की मान खाली जाते.

तिसऱ्या सुनावणीला त्रेपन्न माणसं आली, टोमणे मारणारा म्हातारासुद्धा. तो तर तीनदा बोलला. पाहुण्यांनी सगळं लिहून घेतलं. इस्त्रीवालीची हरकत पहिली, आणि तिच्यासमोर उत्तर: 'हरकत योग्य आहे. गल्लीची रुंदी चुकीची धरली. चूक माझी.' खाली सही.

निधीनं फाईल एका वर्षासाठी पुढं ढकलली. चहाच्या टपरीवर जो तो म्हणू लागला, पाहुण्यानं गावाच्या तोंडचा घास काढून घेतला. कंत्राट संपलं. बस सुटली तेव्हा निरोपाला मी एकटा होतो. मी सवयीनं हात उंच करून हलवला, थेट शेवटच्या रांगेला दिसावा तसा. ते खिडकीत नव्हते, पलीकडच्या बाजूला जागा मिळाली होती.

पुढच्या वर्षी दुसरा सल्लागार आला. गेट मागच्या बाजूला गेलं, पैसा मिळाला, कारखाना उभा राहिला. आता धूर नाही. उद्घाटनाला भाषणं झाली, नावं घेतली गेली, माझंसुद्धा, खुर्च्या दिल्या म्हणून. पाहुण्यांचं नाव कुणी घेतलं नाही.

मी तिथूनच फोन लावला.

"कोण?"

"नाट्यगृहवाला!"

"बोला, बोला हो!" इतक्या मोठ्यानं, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. कुठल्याशा गावी होते, तिथं पाण्याच्या पंपांचं काम होतं. मी सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी नावांचं काही विचारलं नाही. विचारलं ते मागच्या गेटचं वळण किती ठेवलंय, आणि इस्त्रीवाली आली होती का.

"आली होती. तिची नवी तक्रार आहे. गाड्या मागून जातात ते ठीक, पण पहाटे चारला येतात, झोपमोड होते म्हणते."

"कुणी लिहून घेतलं?"

"आता कोण लिहून घेणार? काम झालं की."

पलीकडे एखाद्या बंद खोलीत पंखा फिरत असावा, तसा आवाज. त्यानंतर मी पुष्कळदा तो नंबर लावला, लागला नाही. त्या दिवशी फोन ठेवण्याआधी ते एवढंच म्हणाले:

"तुम्ही घ्या लिहून. तारीख टाका, आणि तिला वाचून दाखवा."