मार्चमधली लोकरीची शाल

माझ्या बहिणीच्या अंगाची आग होत असताना मी तिच्या खांद्यावर लोकरीची शाल पांघरली. मार्च महिन्यात, भर दुपारी, खिडक्या बंद असलेल्या सभागृहात. आणि पहिला फोटो हलला म्हणून ती काढून पुन्हा एकदा. शाल मी स्वतः निवडली होती. दुकानदार म्हणाला होता, "सर, थंडी गेली आता, हलकी देऊ का?" मी म्हणालो, "छे, माझी सख्खी बहीण आहे. चांगली जाड काढा."

ती बहीण, शोभाताई, गेली त्याला आता दीड महिना होईल. पिंपळगाव बसवंतहून पहाटे मंगलचा फोन आला. मंगल म्हणजे ताईच्या हाताखाली द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम करणारी, शेवटचे काही महिने ताईच्या उशाशी बसलेली मुलगी. "मामा, मावशी गेल्या," एवढंच म्हणाली. मी निवृत्त मास्तर. कुठल्याही विषयावर तासभर बोलू शकतो, पण त्या फोनवर मला एक शब्द सुचला नाही. आणि दहाव्याच्या दिवशी गोदाकाठी पुन्हा सुचला नाही, त्याचा राग मला अजून आहे. पिंडाशी कावळ्याची वाट बघत आम्ही उभे होतो, आणि मागून ताईची चुलत जाऊ हळू आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाली, "गोळ्या मधेच सोडल्या होत्या ना हिनं. मग दुसरं काय होणार?" चार डोकी हलली. कुणी म्हणालं, "स्वतःच्या हातानं..." मी नदीकडे बघत राहिलो. जे तिथे बोलायला हवं होतं ते आता इथे लिहितो आहे.

ताईच्या छातीत गाठ निघाली तेव्हा आमचं सगळं गणगोत कसं धावून आलं होतं! ऑपरेशन, केमो, मग रेडिएशन. नाशिकला माझ्या घरी तिचा मुक्काम, डब्यांच्या पाळ्या लागलेल्या, गाडीतून कुणी न्यायचं यावरून भांडणं. संभाजीनगरहून तिची मुलगी आठ-आठ दिवस येऊन राहायची. केस गेले तेव्हा सगळे रडले, केस परत आले तेव्हा सगळे आपापल्या घरी गेले. राहिली फक्त एक गोळी. रोज एक, काही वर्षं घ्यायची. ताईने मला ती अशी समजावली: "दिग्या, अंगातल्या ज्या रसावर ती गाठ पोसते ना, तो रसच आटवायचा. उपाशी मारायची तिला." मी म्हणालो, "वा! म्हणजे झालंच की मग!" तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं की त्या रसावर गाठ एकटीच पोसत नव्हती. बोटं, हाडं, झोप, मनाचं ठिकाण, सगळंच त्यावर जगत होतं. ते सगळंच उपाशी राहायला लागलं.

ताई पॅकहाऊसमध्ये एका लाइनची मुकादम होती. लांबच लांब टेबलं, दोन्ही बाजूंनी बायका, प्रत्येकीच्या हातात छोटी कात्री. घड उचलायचा, फुटका मणी, बारका मणी कापून टाकायचा, घड डब्यात. ताईचे हात चालायचे तेव्हा बघत राहावं असं वाटायचं. मी एकदा हौसेने कात्री घेतली आणि चांगले मणी कापून फुटके ठेवले, तर म्हणाली, "मास्तर, तुम्ही तिकडं खुर्चीवर बसा. मुलांना पण असंच पास केलं काय?" त्याच ताईची मूठ आता सकाळी उघडेना. गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसायची, मग एकेक बोट सुटायचं. कात्रीत अंगठा अडकायचा तो दुसऱ्या हाताने सोडवायला लागायचा. आणि अंगातून उठणाऱ्या त्या वाफा... निफाडकडची जानेवारीची थंडी तुम्हाला माहीत असेल, द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवतात तसली. त्या थंडीत बायका स्वेटर-स्कार्फ घालून बसलेल्या आणि मधेच ताईच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढायची, पाठीचा ब्लाउज भिजायचा. ती उठायची आणि सरळ प्रीकूलिंगच्या खोलीत शिरायची. भरलेल्या पेट्या थंड करायला तिथे ठेवतात. इतर बायका कुडकुडत आत जाऊन पळत बाहेर यायच्या. ताई पेट्यांच्या मधोमध डोळे मिटून उभी राहायची. बाहेर बायका म्हणायच्या, "मावशी माहेरी गेल्या."

खऱ्या माहेरी, म्हणजे माझ्याकडे, तिला काय मिळत होतं ते सांगतो. काढा. तिचे सांधे धरलेत म्हटल्यावर मी सुंठ-मिरी घालून कढत काढा केला आणि समोर उभा राहून प्यायला लावला. माझी बायको रेखा स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, तिला आधीच उकडतंय!" तोवर ताईच्या चेहऱ्याची शेगडी झाली होती. बाकीच्या नातलगांकडे काढासुद्धा नव्हता, नुसती वाक्यं होती. "या वयात सगळ्यांनाच होतं." "मनावर घेऊ नको." "आमच्या शेजारणीला तर याच्यापेक्षा..." आणि सगळ्यांचं लाडकं वाक्य, "जीव तर वाचला ना?" त्या मोठ्या दवाखान्यात तपासणीला गेलं की तिथेही तेच. तिकडच्या गर्दीत ती बोटांचं सांगायला तोंड उघडायची, तोवर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलेलं असायचं. रिपोर्ट चांगला आहे, गोळी चालू ठेवा, पुढच्या वेळी या. रिपोर्ट चांगला होता हे खरंच. तो ज्या बाईचा होता तिला ब्लाउजचे हुक लावता येत नव्हते, हे त्यात कुठेही नव्हतं. जीव वाचला म्हणजे माणसाने पुन्हा तोंड उघडायचं नाही, असा नियम कुणी केला हे मला एकदा कळायला हवं आहे. केलाच असेल तर माझ्यासारख्या निरोगी माणसाने केला असणार.

आता शालीकडे येतो. मी आमच्या इंदिरानगरातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचा सचिव आहे, आणि सत्कार करणं हा माझा जुना आजार आहे. त्यावर अजून गोळी निघालेली नाही. काही वर्षांपूर्वी महिला दिनाला मी ताईचा सत्कार ठरवला. फ्लेक्स छापला: "कर्करोगावर मात करणारी रणरागिणी." ताई म्हणाली, "अरे सीझन चालू हाय, द्राक्षं काय माझ्यासाठी थांबणारेत?" मी ऐकलं नाही. शाल घातली, काढली, घातली. मग श्रीफळ दिलं. तिच्या बोटांनी ते धरलंच नाही. नारळ सुटला तो थेट प्रमुख पाहुण्यांच्या पायावर. पाहुणे एका पायावर नाचत असताना मी घाईघाईने माईक ताईच्या हातात दिला आणि म्हणालो, "दोन शब्द."

तिने माईक दोन्ही तळव्यांत धरला. "नमस्कार. मी काय रणरागिणी-बिणी नाय. मला सकाळी उठल्यावर मूठ उघडता येत नाय. रात्रीची झोप नाय. दिवसातून कितीदा भट्टी लागल्यासारखं होतं. हे ज्याला ज्याला सांगितलं तो म्हणाला, जीव तर वाचला ना. मग मी सांगायचं सोडलं. आणि दिवाळीपासून गोळीपण सोडली. तेव्हापासून बोटं जरा सुटतात, बाकी हायच. भीती पण वाटते. एवढंच हाय. आता ही शाल कुणीतरी काढा आधी."

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच कळेना. मी वाजवल्या, सवयीने. कार्यक्रम संपल्यावर आमच्याच हास्यक्लबातल्या एक बाई ताईजवळ आल्या, रोज सकाळी माझ्या शेजारी उभ्या राहून हसणाऱ्या. त्यांनी ताईचा हात हातात घेतला आणि विचारलं, "तुमचा पण अंगठा अडकतो?" त्यांनाही हाच आजार होऊन गेला होता, हीच गोळी चालू होती, हे मला माहीतच नव्हतं. मी इतकी वर्षं त्यांना फक्त हसायला लावत होतो.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या नातलगांत गेली. फोनवर फोन. आम्ही एवढं केलं आणि ही बाई गोळी सोडते! त्रास होता तेव्हा ज्यांना वेळ नव्हता, त्यांना रागवायला भरपूर वेळ होता. मीही कमी नव्हतो. ताईला पिंपळगावला सोडायला जाताना, ओझर येईपर्यंत मी तिला शिस्तीवर व्याख्यान दिलं. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दिग्या, एक दिवस मूठ मिटून शर्टाची बटणं लाव. मग बोल." मला कुणी आव्हान दिलेलं सहन होत नाही. दुसऱ्या दिवशी मी बोटांना चिकटपट्टी गुंडाळून बसलो, एकही बटण लागलं नाही, आणि तेवढ्यात दूधवाला आला. उघड्या छातीने, पांढऱ्या पंजांनी मी पातेलं पुढे केलं. दूध निम्मं जमिनीवर. तो म्हणाला, "सर, भाजलं का?" मी हसलो खरा, पण पट्टी सोडवताना हसू टिकलं नाही. माझी पट्टी सुटत होती.

मग आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तरुण मुलगी, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिने विचारलं, "झोप लागते का?" मी म्हणालो, "उत्तम! आमच्या घराण्यात झोपेचा प्रश्न कुणालाच नाही." तिने विचारलं, "सांधे?" मी म्हणालो, "आधी होतं थोडंफार, आता..." तिने पेन खाली ठेवलं. "काका, गोळी तुम्ही घेता का?" ताई म्हणाली, "दिग्या, तू बाहेर बस." मी बाहेर बसलो. बराच वेळ दार उघडलं नाही. भावाला सांगण्यासारखं नसतं, असंही त्या गोळीने बाईच्या अंगात पुष्कळ काही होतं, हे मला रेखाने नंतर सांगितलं. ताई बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मी घाबरून विचारलं, काय म्हणाल्या? ताई म्हणाली, "काय नाय म्हणाल्या. ऐकलं तिनं. मधे न बोलता."

त्यानंतर गोळी बदलली. हाडांची तपासणी झाली, बोटांचे व्यायाम दिले, वाफांसाठी वेगळं औषध दिलं. हे तिच्यापुरतं, तिच्या डॉक्टरने ठरवलेलं. वाचून कुणी आपलं औषध बदलू नये आणि बंद तर मुळीच करू नये. मी मास्तर आहे, डॉक्टर नाही, हे शालीवरून तुमच्या लक्षात आलंच असेल. सगळा त्रास गेला असंही नाही. पण कात्री हातात राहायला लागली, मुठीला चिंधी गुंडाळून का होईना. भट्टी लागायची, पण रात्रीचा डोळा लागायचा. आणि ताईने ती बदललेली गोळी सुरू केली, पुढची सगळी वर्षं रोज घेतली, एक दिवस चुकवला नाही. माझा संताप आहे तो इथे. हे सगळं आधीही होऊ शकलं असतं. त्यासाठी नवा शोध लागायचा नव्हता. कुणीतरी "काय होतं ते सांग" म्हणून गप्प बसायचं होतं. तेवढं आमच्या अख्ख्या गोतावळ्यातून एकालाही जमलं नाही.

गेल्या पावसाळ्यात आजार परत आला, मणक्यात. ताईने डॉक्टरीणबाईंना स्पष्टच विचारलं, "मी तेव्हा मधे सोडली, म्हणून का?" त्या म्हणाल्या, "ते कुणालाच सांगता येणार नाही, ताई. एकही गोळी न चुकवलेल्यांचाही आजार उलटतो कधीकधी. त्यामुळेच झालं असं मी नाही म्हणणार." ताई म्हणाली, "मग मी पण नाय म्हणणार." तिने तो विषय तिथेच संपवला. जी माहिती डॉक्टरकडे नाही ती नदीकाठी उभ्या असलेल्या जाऊबाईंकडे कुठून आली? ताईने गोळी सोडली ती कंटाळा आला म्हणून नाही. ती सांगत होती आणि आपण सगळे तिच्या नशिबाबद्दल तिचं अभिनंदन करत होतो, म्हणून सोडली. त्यात मी सगळ्यात पुढे होतो, हारतुरे घेऊन. आता "स्वतःच्या हातानं" म्हणायचंच असेल तर निदान त्या हाताची मूठ उघडत नव्हती, हे तरी आधी म्हणा.

परवा पॅकहाऊसला गेलो होतो, ताईच्या वस्तू आणायला. सीझन ऐन भरात. लाइन आता मंगल बघते. वस्तू काही नव्हत्याच: चपला, पाण्याची बाटली, चिंधी गुंडाळलेली कात्री. निघताना प्रीकूलिंगच्या दाराबाहेर खिळ्यावर काहीतरी ओळखीचं दिसलं. माझी शाल. काठ उसवलेले, द्राक्षांच्या रसाचे डाग. मी बघतच राहिलो तशी मंगल म्हणाली, "पेट्या लावायला जी आत जाते ती पांघरून जाते. मावशींनीच टांगली. सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी."

मला राहवलं नाही. मी दार ओढलं आणि तसाच आत गेलो. पेट्यांच्या मधल्या जागेत, ती उभी राहायची तिथे, डोळे मिटून उभा राहिलो. गार हवेत द्राक्षांचा वास होता. गालावरचं पाणीसुद्धा गार लागायला लागलं... आणि मनात काही मोठं, छापण्यासारखं वाक्य जुळत होतं, तेवढ्यात मागून मंगलचा आवाज आला.

"मामा, दार! दार उघडं टाकलंय तुम्ही, गार सगळं चाललंय बाहेर. मावशी खोटं नाय म्हणायच्या: माझा भाऊ लय मायाळू, पण जाईल तिथं गरम करून ठेवतो."