खांबमावशीचे मोजे

खांबमावशी एका जागी उभी राहायची ती फक्त आम्ही तिच्या अंगावर चढल्यावर. एरवी बाईला स्वस्थता म्हणून नाही. बोलता बोलता जिना उतरायला लागायची आणि उरलेलं वाक्य खालच्या मजल्यावरून ओरडून पूर्ण करायची. चहासुद्धा येरझारा घालत प्यायची. "बस गं जरा," म्हटलं की उलट विचारायची, "बसान काय अंडी घालूची आसत?"

लालबागच्या आमच्या चाळीतलं मुलींचं गोविंदा पथक तिच्या खांद्यांवर उभं होतं. हे कौतुकाने म्हणत नाहीये, खरंच उभं होतं. दिवसभर परळच्या एका कॅन्टीनमध्ये ती तव्यासमोर उभी असायची आणि संध्याकाळी पटांगणात येऊन सगळ्यात खालच्या थरात. वर आम्ही कितीही डळमळलो तरी ही खाली ढिम्म, म्हणून खांब. मी तेव्हा कॉलेजात होते, अंगाने काडी, त्यामुळे सगळ्यात वर माझी वर्णी. वरून घाबरून हाक मारली की खालून तिचा आवाज यायचा, "मी आसय गो!" मग मी धरलेला हात सोडून सरळ उभी राहायचे.

आमच्या पथकाची एक रीत आहे. शेवटी चढणारीने खालच्या बायकांच्या पायांना हात लावायचा आणि मगच वर जायचं. सरावात पाय अनवाणी हवेत, हे तर शेंबडं पोरही सांगेल. आणि दहीहंडी अगदी तोंडावर आलेली असताना एका संध्याकाळी मावशी आली ती मोजे घालून. ऐन श्रावणात, घामाच्या धारा लागलेल्या असताना! "थंडी वाजता," म्हणाली. कुणी हसलं, कुणी लक्षच दिलं नाही.

मी वाकून हात लावला तर पाय तव्यासारखा तापलेला. तिने स्स् करून मागे घेतला. मी मोजा खाली ओढला. आंबेहळदीचा भपकारा आला आणि आत घोटा टम्म सुजलेला, काळानिळा.

"अगं बाई, हे काय!"

"काय नाय गो. थोडोसो मुरगाळलो. चढ गुमान."

खोदून विचारल्यावर एकेक बाहेर आलं. गटाराच्या झाकणावरून पाय घसरला होता. मग लेप झाला, विटेचा शेक झाला, आणि एवढ्यावर न थांबता बाई भायखळ्याच्या एका मालिशवाल्याकडे जाऊन सुजलेला पाय तेलाने रगडून, खेचून घेऊन आली होती. "कट् आवाज इलो, म्हणजे बसलो ना?" हे वर मलाच! माझं डोकंच फिरलं. मी सांगून टाकलं, मी चढणार नाही.

एकच गलका झाला. पथकाला सराव देणारे मास्तर ओरडले, मैत्रिणी म्हणाल्या नाटकं करतेय. मावशी मात्र ओरडली नाही. हळूच म्हणाली, "एकदा जागा सोडली की परत कोण देता गो?" मी एक पाऊल पुढे टाकलंही. पण बोलताना तिने शेजारणीचा खांदा धरला होता. खांबालाच आधार लागत होता. मी नाहीच चढले.

दुसऱ्या दिवशी तिला ओढतच दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी घोट्याच्या हाडावर नुसता अंगठा दाबला तर मावशीची किंकाळी बाहेरच्या रांगेपर्यंत गेली. एक्स-रेत हाड मोडलेलं निघालं, आणि सरकलेलंही. डॉक्टरबाई चिडल्याच. "हाडावर दाबून दुखलं किंवा पाय टेकवेना, की त्याच दिवशी यायचं. बर्फ लावायचा, पाय उंच ठेवायचा. शेक आणि मालिश कसली करता? वेळेवर आला असता तर बहुतेक प्लॅस्टरवर भागलं असतं. आता ऑपरेशन."

पुढचे महिने तिने कसे काढले ते मजलाभर ऐकू यायचं. पलंगावरून कुबडी आपटत असायची. माझ्याशी बोलणं बंद. मी डबा घेऊन गेले की भिंतीकडे तोंड. मला रडूही यायचं आणि तिचा भयंकर रागही यायचा. पाय बरा झाला, पण तव्यापुरता. संध्याकाळी अजून सुजतो. खालच्या थरात उभं राहायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. आता ही कसली पटांगणात येतेय, असं मला वाटलं.

पुढच्या वर्षी सरावाचा नारळ फुटला आणि बाई काठी टेकत आली. खुर्ची मागवली आणि चक्क बसली! मी पाया पडायला वाकले तर म्हणाली, "माजे पाय कित्याक? तुजो दाखव." कणीक मळून जाड झालेल्या अंगठ्याने तिने माझा घोटा दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला. तेव्हापासून तिने पाय बघितल्याशिवाय पथकात कुणी थराला हात लावत नाही. तोवर मास्तरसुद्धा गपचूप रांगेतल्या मुली मोजत बसतात.

मी आता काडी राहिले नाही. मावशीच्या जागेवर मीच उभी असते. यंदा सरावाला येताना फुटपाथवरून उतरताना माझा पाय वाकडा पडला. रांगेत माझी पाळी आली. तिने दाबलं, माझा ओठ दाताखाली गेला.

"हय दुखता? खरा सांग."

"थोडंसं."

"माजो पण थोडोसोच मुरगाळलेलो," ती म्हणाली. मग पथकाकडे वळून अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "हिच्या अंगावर आज कोणी चढूचा नाय!"

मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, आणि मी नको नको म्हणत असताना टॅक्सी बघायला लंगडत निघाली.