मायसाठी आणलेला तरवड

सवाष्ण बाईला कोणती फुलं न्यावीत हे सांगणारे पुष्कळ भेटतात. कपाळ मोकळं झालेल्या मायला कोणती न्यावीत, हे मला कुणी सांगितलं नाही. मी दोन इयत्ता शिकलेला माणूस, त्याही उर्दू मास्तरापुढं. पण अक्कल माझी होती, ती मी कुणाकडं मागायला गेलो नाही.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. मी पिंगळी स्टेशनाजवळ रुळांखाली खडी भरायच्या कामावर होतो. त्या आषाढात बाप गेला. आमची मेंढरं चुलत्यानं सांभाळायला घेतली, आणि मेंढरांमागं देवीचा घटही त्याच्या घरी गेला. त्याआधी घट आमच्याकडं बसायचा. माय थोरली सून. नवरात्रात घटावर रोज एक फुलांची माळ सोडतात, ती मायनं ओवलेली आणि मायनंच चढवलेली असायची. आता कुंकू गेलं, तर तिनं माळेला हातही लावायचा नाही, असं गावाचं म्हणणं. तो मान धाकट्या जावेकडं, माझ्या चुलतीकडं आला.

नवरात्रात मला सुट्टी मिळाली. रिकाम्या हातानं मायपुढं जायचं नाही म्हणून परभणीच्या बाजारात एका फुलवालीपुढं उभा राहिलो आणि शेवंतीची वेणी उचलली.

"कुणाला नेतूस रे दादा?"

"मायला."

"सवाष्ण हाय न्हवं?"

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि वेणी हातातून काढून घेतली. रागानं नाही, हळूच. म्हणाली, "मग झेंडू ने बाबा. देवाला व्हईल."

"देवाला तूच ने," म्हणलो आणि निघालो.

गावाकडं चालताना माळावर तरवड फुललेला दिसला, सगळा पिवळा. शेळी ज्याला तोंड लावत नाही असलं हे झुडूप, पण नवरात्रात माळेला आमच्याकडं तेच लागतं. मी लहान असताना माय ही फुलं पदरात भरून आणायची आणि उंबऱ्यावर ओवत बसायची. ओवताना तिचा चेहरा असा व्हायचा, की तेव्हा काही मागितलं तर हमखास मिळायचं. मला वाटलं, न्यायची तर हीच. शेवंती बाईला विचारते, तुझा नवरा आहे का. तरवड काही विचारत नाही. डोईचा पटका सोडला आणि त्यात मावतील तेवढी फुलं भरली.

माय चुलीपाशी होती. तिच्यापुढं पटका सोडला तशी ती हसली. बाप गेल्यापासून तिला हसताना मी बघितलं नव्हतं. तिच्या बोटांची टोकं पिवळी होती. भाजीतल्या हळदीची असतील, असं समजून मी विचारलं नाही.

"लय आणलीस रे. ठेव त्या सुपात."

"सुपात कशाला? माळ कर. चल काकीकडं, तूच चढव."

"आधी भाकर खा."

"भाकर पळून जायली का?"

"भाकर न्हाई, तू पळायलास. लेका, फुलं ठेव अन गप बस."

गप बसणं माझ्या रक्तात नाही. पटका उचलला आणि तडक चुलत्याच्या घरी गेलो. माय मागोमाग आली. आरतीची वेळ, गल्लीतल्या बाया जमलेल्या. घटावर त्या दिवशीची माळ सोडलेली होती. ढिली, कुठं दाट, कुठं विरळ.

"ही माळ हाय का मेंढराचं दावं?" मी चुलतीला म्हणलो. "माझ्या मायनं असली माळ जल्मात केली न्हाई. उद्यापासून माय ओवल अन मायच चढवल. न्हाईतर घट उचलून नेतो."

चुलतीनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती मायकडं बघत राहिली.

"आता रंडकी बाई देवीला माळ चढवणार व्हय!" एक म्हातारी म्हणाली.

"लेक रेलवाईत गेलाय. सायेब झालाय," दुसरी म्हणाली, आणि बाया हसल्या.

चुलती हलक्या आवाजात मायला म्हणाली, "अक्का, ह्याला घरी न्या."

मायनं माझा दंड धरला. ओढत घरी आणलं. नवरात्र सरेपर्यंत घराबाहेर पडली नाही. फुलं सुपात सुकून काळी पडली. त्या घरानं माझ्या मायला चारचौघांत लाजवलं, असं धरून मी त्यांच्याशी बोलणं तोडलं. घरचा कर्ता मी, म्हणून मायलाही तोडावं लागलं. दोघी जावा एका आडावर पाणी भरायच्या. एक भरून जाईस्तोवर दुसरी लांब उभी राहायची.

महाराष्ट्र राज्य झालं त्या साली माय गेली. तेराव्याला चुलती आली आणि माझ्याजवळ बसली.

"त्या नवरात्रातली माळ तुझ्या मायचीच व्हती रे," ती म्हणाली. "दुपारी गल्ली निजली की अक्का मागच्या दारानं यायच्या. मी दाराला पाठ लावून बसायची, त्या ओवायच्या. कुणी यायच्या आत उरकायचं, म्हणून ढिली. चढवायची तेवढी मी. तू बोंबलून गेलास, अन मग बाया भर दुपारी पाळतीवर येऊन बसाय लागल्या. कशी बोलवणार त्यांना?"

"मला सांगायचं व्हतं."

"सांगितलं असतं, तर तू तेबी गल्लीत सांगितलं असतंस."

 

माळ चढवायला बाईचं कपाळ बघायचं कारण नाही, हे माझं म्हणणं तेव्हाही खरं होतं. आजही कुणापुढंही सांगीन. पण त्या दिवशी फुलं सुपात ओतायची होती आणि भाकर खायला बसायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सूप पदराखाली झाकून माय काकीच्या मागच्या दारानं गेली असती.