पुलियावरची हजेरी

तमाम वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, देवरी तालुक्यातल्या एका पुलियावर, म्हणजे रस्त्यावरच्या छोट्या पुलावर, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, प्रस्तुत लेखकाने आपला डावा बूट काढला. बुटात खडा होता. या ऐतिहासिक घटनेची नोंद कोणत्याही सरकारी कागदावर नाही, म्हणून ती मी करतो आहे.

दोन हजारनंतरची ती वर्षं. आमच्या कंपनीचा तळ जंगलाच्या कडेला होता. काम रोड ओपनिंगचं. गाड्या जाण्याआधी रस्ता पायी तपासायचा, नक्षल्यांनी सुरुंग पेरलेला नाही याची खात्री करायची. साडेचारला चहा, पाचला फॉल-इन आणि हजेरी, सव्वापाचला बाहेर. दोन जवानांमध्ये पंधरा पावलांचं अंतर. वाटेत पडलेली वस्तू उचलायची नाही. आणि पुलियावर कधीही, कोणत्याही कारणाने बसायचं नाही. सुरुंग पेरायला पुलियाखालचा पाइप सगळ्यांत सोयीचा असतो.

माझ्या पुढे पंधरा पावलांवर हवालदार जोसेफ तिर्की असत. वडील रेल्वेत गँगमन, म्हणून जन्म गोंदियाचा, बोली आमच्यासारखीच. आम्ही त्यांना उस्ताद म्हणत असू. सगळ्यांत पुढे चालणारा माणूस हाच, आणि त्याचा चेहरा मात्र बाजाराला निघाल्यासारखा. हे कसं, याचा मला भारी किडा होता.

एक गोष्ट मी हेरली होती. हजेरीच्या आधी उस्ताद लंगरच्या, म्हणजे कंपनीच्या स्वयंपाकघराच्या मागे, पाण्याच्या ड्रमापाशी अर्धा मिनिट उभे राहत. टोपी हातात, ओठ हलत. मला वाटलं, मंत्र आहे. मी बौद्ध घरातला. मंत्रतंत्र मानत नाही, पण फुकट मिळत असेल तर ऐकायला काय हरकत? तीन सकाळी ड्रमामागे लपलो, एक शब्द ऐकू आला नाही. शेवटी माझा रमचा पेग देऊ केला. उस्तादांनी पेग घेतला आणि म्हणाले, हजेरी देतो. हजेरी तर नंतर सुभेदारसाहेब घेत! मी पेगही गमावला आणि झोपही.

त्या सकाळी मतदान पथकाची गाडी आठ वाजता त्या रस्त्यावरून जायची होती. पुलिया आली. उस्ताद नियमाप्रमाणे पाइपाचं तोंड तपासायला खाली उतरले. मी अलीकडे थांबायचं होतं. पण खडा टोचत होता, कठडा समोर होता. मी बसलो आणि बूट काढला.

उस्ताद वर आले. मला पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या. पण ते येऊन माझ्या शेजारी कठड्यावर बसले. पुलियावर!

"बूट घाल. हळू. अन् हास."

"काऊन?"

"खाली वायर हाय. धानाच्या बांधीत गेली. तिकडं कोणी बसला आसन. त्याले गाडी पायजे, आपण नाही. पन आपल्याले समजलं हे त्याले समजलं, तं आपण बी चालतो त्याले."

मग त्यांनी वायरलेस उचलला, अगदी आळसावून. "टू फॉर वन. मैं पुलिया पे बैठा हूँ. ओव्हर."

सुभेदारसाहेब बाकी सेक्शनसह वळणामागे होते. जोसेफ तिर्की पुलियावर बसलाय, याचा अर्थ त्यांना वेगळा सांगावा लागला नाही.

"रॉजर. बैठे रहो. बीस मिनट. आउट."

वीस मिनिटं. आमच्याकडे हिवाळ्यात दंडार, म्हणजे गावातलं नाटक होते, त्यात बायकांची कामंही पुरुषच करतात. मी तीन वर्षं राणी केली होती. पण प्रेक्षकाच्या हातात सुरुंगाची बॅटरी असलेला हा पहिलाच प्रयोग. उस्ताद माझ्याकडे वळले आणि गावगप्पा हाणाव्यात तसे, हसत बोलू लागले.

"प्रभू येशू, जोसेफ हाजिर हाय. भेऊन राहिलो, पन हाजिर. पाय थरथरून राहिले, तेवढे सांभाळ. हा मेश्राम बी हाजिर हाय. हा जास्त भेऊन राहिला."

म्हणजे ड्रमामागचा मंत्र हा! मी मांडीवर थाप मारून हसलो. भूमिकेची गरज म्हणून, आणि थोडा खराही.

"असं सांगतल्यानं भेव जाते का, उस्ताद?"

"नाही जात. पन लपवा नाही लागत. मंग हात मोकळे राहतात." त्यांनी तंबाखू मळायला घेतली. बोटं खरंच स्थिर होती. "येशू बी भ्याला होता मराच्या आदल्या रात्री. बापाले सांगतलं त्यानं. मंग उठला अन् गेला."

"तुमी इथं कायले आले? वळणामागं जाता आलं असतं."

"तुयाजवळ भेव सांगाले कोणी नोहोतं ना."

सात चौतीसला बांधीतून शिट्टी आली, मग सेटवर सुभेदारसाहेब. "वन फॉर टू. तार कट गया. उतरो." वायरीच्या टोकाचा माणूस पळाला होता, एक चप्पल आणि बॅटरी मागे ठेवून. पथकाची गाडी दीड तास उशिरा गेली. आतल्या एक बाई आमच्यावर वैतागलेल्या दिसल्या. उशीर केला म्हणून. मला शिक्षा म्हणून आठ दिवस पिट्ठू परेड, म्हणजे पाठीवर ओझं घेऊन कवायत मिळाली. तळावर पोचल्यावर कळलं, खडा अजून बुटातच होता.

पुढच्या वर्षी, दुसऱ्या रस्त्यावर, हवालदार जोसेफ तिर्की गेले. मी रजेवर होतो, चोरखमारा तलावाच्या कालव्याखालच्या शेतात धान कापत होतो. त्या सकाळी ते ड्रमापाशी उभे राहिले होते, असं लांगरीने, आमच्या स्वयंपाक्याने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

कंपनीत वर्षातून एकदा शहिदांची हजेरी होते. नाव पुकारतात, सगळी कंपनी एका आवाजात "हाजिर" म्हणते. त्या वर्षी पाहुणे साहेब भाषणात म्हणाले, या वीरांना भय म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. पहिल्या रांगेत उस्तादांच्या पत्नी, अ‍ॅग्नेसवहिनी बसल्या होत्या. त्यांनी मान किंचित हलवली. नाही, अशी.

"हवालदार जोसेफ तिर्की!"

कंपनीने श्वास घेतला. मी अर्धा सेकंद आधी सुटलो, तोही दंडारीच्या आवाजात:

"भेऊन राहिलो, पन हाजिर!"