डोकं झाकलेलं आहे, मग उपचार कशाला?

आज सकाळी अलिबागला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले होते. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

मला चाई आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच केसांच्या मुळांवर हल्ला करते. चार महिन्यांत डोक्यावर तीन चट्टे पडले. मुरुडहून अम्मी सोबत आली होती.

डॉक्टरांनी चट्टे पाहिले, मग मांडीवरचा माझा स्कार्फ पाहिला आणि अम्मीला म्हणाले, "हिचं डोकं तर झाकलेलंच असतं. कोणाला दिसणार आहे? तेल लावत राहा."

अम्मीला हायसं वाटलं. "मी हेच सांगत होते बेटा."

मी विचारलं, "चट्ट्यात स्टिरॉइडची इंजेक्शनं देता येतील का? चट्टे वाढले तर गोळ्या कधी सुरू करायच्या? त्याआधी कोणत्या रक्ततपासण्या?"

"बरंच वाचून आलात," ते हसले.

"मी कारखान्यात यंत्रं तपासते. झाकून ठेवलेल्या यंत्रालाही बिघाड होतो."

गप्प बस म्हणून अम्मीने माझा हात दाबला. पण त्यानंतर पाच मिनिटांत डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं: इंजेक्शनं दर चार ते सहा आठवड्यांनी, हमी नाही, केस येऊन पुन्हा गळूही शकतात. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. फक्त मला सांगायची गरज वाटली नव्हती.

पहिली इंजेक्शनं आजच घेतली.

बाहेर आले तेव्हा स्कार्फ बांधलेली एक शाळकरी मुलगी आईबरोबर आत जात होती. तिला काय विचारायचं हे माहीत असेल का?