कमी दूध सांगणारे काका

बेटेगावचे गोठेवाले काका गाईची ओळख स्थळ सुचवल्यासारखी करून देत. "ही सोनी. आई गावठी, गरीब, पन वळनाची. बापाकडची मंडळी मोठी हायेत." बापाला त्यांनी पाहिलं नव्हतं. तो गुरांच्या डॉक्टरांच्या थंड डब्यातल्या रेतनाच्या कांडीतून आला होता. तरी त्याच्या घराण्याचा काकांना भारी अभिमान.

नव्वदच्या दशकात मी बोईसरहून त्यांच्याकडे जायचे. एकाच वळूच्या मुलींचं रक्त तपासायचं, दूध मोजायचं आणि जास्त दुधाचा गुण गुणसूत्रांवर कुठे बसलाय ते शोधायचं, असं माझं संशोधन. काकांकडे अशा अकरा मुली होत्या. हे समजावताना माझं इंग्रजी शाळेतलं मराठी अडखळलं, तेव्हा त्यांनीच सोपं केलं: "म्हंजे बापानं कुठल्या पोरीला काय दिलं ते बगायचं. आमच्यात मोठीला नाक दिलं, धाकटीला राग."

रोजचं दूध काका मोजून सांगत, मी वहीत लिहीत असे. दोन वर्षांनी पाहिलं तर रक्ताचा आणि दुधाचा काही मेळच बसेना. तुकतुकीत सोनी कागदावर मरतुकड्या तांबडीच्या बरोबरीला. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, पंधरा दिवसांत कारण सांगा, नाहीतर हा गोठा वगळा. गोठा वगळला की माझ्या प्रबंधात उरत होती फक्त प्रस्तावना.

काकांना खोटं बोलता का असं विचारणं मला जमणारं नव्हतं. म्हणून एका पहाटे न कळवता गेले आणि धारेच्या वेळी नुसती उभी राहिले. सोनीचं दूध सहा लिटर भरलं. काकांनी खणखणीत आवाजात सांगितलं, साडेचार. मी मापाकडे पाहिलं, काकांनी माझ्याकडे, मग मी जमिनीकडे.

काका मला पेंढ्याच्या गंजीमागे घेऊन गेले. "तिच्यासमोर खरा आकडा कोन सांगतो, बाय? दृष्ट लागंल. जेवडी गुनाची, तेवडं जास्त लपवायचं."

"आणि तांबडीचं?"

"तिचं वाडवून सांगतो. बिचारीला वाईट वाटाया नको."

चारा, हवामान, प्रयोगशाळेतली चूक, सगळ्याचा विचार मी केला होता. याचा नव्हता. मग मी आयुष्यातलं सर्वांत लांब वाक्य बोलले: माझी दोन वर्षं गेली, सर गोठा वगळणार, आणि आता कुठे जाऊ ते मला माहीत नाही. काका बराच वेळ पेंढा उपसत राहिले. शेवटी ठरलं की वर्षभर पुन्हा मोजायचं, पण आकडा उच्चारायचा नाही, पाटीवर लिहून दाखवायचा. काकी पदराआड हसल्या. लग्नात यांनी वयही असंच कमी करून सांगितलं होतं म्हणे.

दीड महिन्यात सोनीची कास सुजली. ती वाचली, पण चारांतला एक सड दुधाला कायमचा गेला. शेजारीपाजारी जमले. शहरातली पोरगी वही घेऊन रोज बघते, असं कुणीतरी बोललंच. मी मान खाली घालून उभी होते.

"तिचा काय दोस?" काका म्हणाले. "सा लिटर लिवताना मीच हसलो. माजीच लागली."

दुसऱ्या दिवशी मला तिकडे जाण्याचं धैर्य झालं नाही. दुपारी काका सायकलवरून बोईसरला आमच्या दारात. वाटेत कुणाची नजर जाऊ नये म्हणून पाटी टॉवेलात गुंडाळलेली. तिच्यावर अकराही गाईंचे खरे आकडे होते, सोनीचे दोन लिटरसुद्धा. मी ते वहीत उतरवून घेईपर्यंत काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.